बंडू ऐकत नाही, कारण तो हुंगतोय

"आम्ही यॉर्कशायरमध्ये, स्किप्टनजवळच्या एका गावात राहतो. घरात मी, नवरा, दोन शाळकरी मुलं आणि गेल्या वर्षी आमच्याकडे राहायला आलेल्या सासूबाई. आमचा बंडू ओटरहाउंड जातीचा कुत्रा आहे. पिल्लासाठी दीड वर्ष यादीत नाव लावून थांबलो होतो. आता तो 15 महिन्यांचा आहे, वजन 43 किलो. स्वभावाने सोन्यासारखा, पण हाकेला ओ देत नाही. गेल्या महिन्यात माळावर मोकळा सोडला, तर नाक जमिनीला लावून जो निघाला तो तीन तासांनी दोन मैलांवरच्या एका शेतात सापडला. शेतकरी भला माणूस, म्हणून निभावलं. नवरा म्हणतो, शॉकचा पट्टा घेऊ. शेजारीण आवाजाबद्दल दोनदा बोलून गेली. घरभर चिखल. नवऱ्याच्या एका मित्राचं म्हणणं, जात दुर्मिळ आहे, मादी शोधा, पिल्लं विका, खर्च निघेल. मला अधूनमधून वाटतं, ज्यांच्याकडून आणला त्यांना परत द्यावा. आणि असं मनात आलं की रडू येतं. काय करू?

ता.क. सासूबाई विचारतात, हा पाणी पिताना अख्खं तोंड भांड्यात का बुडवतो?"

— बंडूची आई

बंडूची आई,

बाकीचं सावकाश बोलू, आधी त्या शेताचं. तिथे मेंढ्या होत्या का, हे तुम्ही लिहिलं नाही. तुमच्या भागात नसतील तरच नवल. इंग्लंडमध्ये 1953 पासून पाळीव जनावरांच्या रक्षणाचा कायदा आहे आणि त्यात कुत्र्याने मेंढीला चावायलाच हवं असं नाही. मेंढ्या असलेल्या कुरणात कुत्रा मोकळा, ताब्याबाहेर फिरताना दिसला तरी मालकाचा गुन्हा होतो. मेंढ्यांच्या मागे लागलेल्या कुत्र्याला थांबवायचा दुसरा मार्ग नसेल तर शेतकरी गोळी घालू शकतो. 48 तासांच्या आत पोलिसांना कळवलं की 1971 च्या कायद्याखाली त्याला बचावही मिळतो. गंमत म्हणजे याच 1953 च्या कायद्यात शिकारी कुत्र्यांच्या टोळीला सूट आहे. एकट्या बंडूला नाही. सर्वांना खुल्या असलेल्या माळरानावर 1 मार्च ते 31 जुलै कुत्रा दोन मीटरपेक्षा लांब नसलेल्या दोरीवरच हवा, आणि जनावरं जवळ असतील तर वर्षभर. तेव्हा माळावर मोकळं सोडणं आजपासून बंद. त्या भल्या शेतकऱ्याला एकदा जाऊन भेटा, रिकाम्या हाताने जाऊ नका. तुमचा फोन नंबर त्याच्याकडे असू द्या. बंडूच्या गळ्यातल्या बिल्ल्यावर तुमचं नाव-पत्ता आहे ना, आणि मायक्रोचिपच्या नोंदीत आताचाच फोन नंबर आहे ना, तेही बघून घ्या. कायद्याने दोन्ही लागतं.

आता "ऐकत नाही" याबद्दल. मला वाटतं तुमच्या घरातली निम्मी कटकट या दोन शब्दांतून आलेली आहे. ऐकत नाही म्हटलं की माणसाला राग येतो, आपला शब्द मोडला असं वाटतं. बंडूने तुमचा शब्द मोडला नाही. तो त्याच्यापर्यंत पोहोचलाच नाही.

ही जात कशासाठी घडवली ते आठवा. इंग्लंडमध्ये पाणमांजरांच्या (इंग्रजीत ओटर) शिकारीसाठी मध्ययुगापासून कुत्री पाळत, आणि त्याच कामातून पुढे ओटरहाउंड तयार झाला. पाणमांजर रात्री नदीकाठाने फिरतं, मासे खातं आणि पहाटे मुळांखालच्या बिळात शिरतं. शिकारी निघायचे सकाळी. म्हणजे कुत्र्याला कित्येक तासांपूर्वीचा शिळा वास धरायचा, तोही ओल्या दगडांवरून, चिखलातून, मध्येच नदी ओलांडून पलीकडच्या काठाने. जनावर पाण्याखालून गेलं तर त्याच्या श्वासाचे बुडबुडे वर येतात आणि वास पृष्ठभागावर पसरतो; पोहत असताना तोही टिपायचा. असा माग मैलोन् मैल चालायचा. या कामात जो कुत्रा दर दहा पावलांना मान वर करून धन्याकडे बघायचा तो कुचकामी ठरायचा, आणि त्याची पिल्लं कोणी ठेवायचं नाही. जो नाक खाली घालून जग विसरायचा त्याची वीण पुढे चालली. पिढ्यान् पिढ्या हेच चालू राहिलं. आणि आता आपण त्या वंशातल्या पोराकडून अपेक्षा करतोय की ससा नुकताच गेलेल्या वाटेवर त्याने "बंडू, ये रे" ऐकून मागे फिरावं.

आपल्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी 50-60 लाख, कुत्र्याच्या नाकात 10-20 कोटींच्या घरात. एकदा माग लागला की बंडूचं सगळं ध्यान तिकडे असतं. तबल्याची साथ रंगात आलेली असताना वादकाला कोणी "चहा घेणार का?" विचारावं, तसं.

शॉकचा पट्टा नको. वेल्समध्ये त्यावर 2010 पासून बंदी आहे, पण मी कायद्यापुरतं म्हणत नाही. मागावर असलेल्या हाउंडला झटका बसला तर तो त्याचा संबंध तुमच्या हाकेशी जोडेल याची काही खात्री नाही. समोर जी मेंढी, जो सायकलवाला किंवा जे मूल असेल त्याच्याशी जोडेल. म्हणजे आज फक्त हुंगणारा कुत्रा उद्या भिऊन अंगावर जाणारा व्हायचा. शिवाय ओटरहाउंड जात्याच मऊ मनाची. मोठा देह आणि हळवं काळीज. तुमच्या यजमानांना म्हणावं, तेवढ्या पैशांत एक चांगला हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा), दहा मीटरची लांब दोरी आणि गळपट्ट्याला लावायचा जीपीएस ट्रॅकर बघा. दोरी गळ्याला कधीच लावू नका. 43 किलोचा कुत्रा धावत दोरीच्या टोकाला पोहोचला की मानेला जबर हिसका बसतो. तुमच्या हातात हातमोजेही हवेत. हा धडा मी तळहाताची सालटी काढून घेऊन शिकले.

माझ्याकडे अकरा वर्षं ओटरहाउंड मादी होती. पहिली दोन वर्षं मी तिला हाकेला यायला शिकवत होते. तिसऱ्या वर्षी मी हुंगायला शिकले, म्हणजे तिच्या हुंगण्यात सामील झाले, आणि आमचं जमलं. तुम्ही हेच करा. आठवड्यातून दोनदा तिला, नाही, त्याला (सवय जात नाही) काम द्या. मुलांपैकी एकाने स्वतःचा वापरलेला मोजा ठेवून द्यायचा, बागेतून पुढे पायवाटेने दोनशे पावलं जायचं आणि झाडामागे लपायचं. बंडूला मोजा हुंगवा, "शोध" म्हणा आणि दोरी सैल धरून त्याच्या मागे चाला. सापडल्यावर उकडलेल्या काळजाचे तुकडे, भरपूर. पुढे अर्धा तास थांबून माग शिळा होऊ द्या, वळणं वाढवा, ओढा ओलांडा. ब्रिटनमध्ये माणसाचा माग काढायचे वर्गही चालतात. तिथे ही जात अशी चमकते की हुशार म्हणून मिरवणाऱ्या बॉर्डर कोली कुत्र्यांचे मालकही तोंडात बोटं घालतात. वीस मिनिटं मागावर घालवलेला ओटरहाउंड घरी येऊन दोन तास झोपतो. दोन तास नुसता चालवलेला झोपत नाही.

हाकेचा सराव वेगळा ठेवा, आणि घरातच. शिट्टी वाजली की जेवण, रोज, न चुकता. हाकेपेक्षा शिट्टी बरी, कारण शिट्टीत आपला वैताग ऐकू येत नाही. हे पक्कं झालं की कुंपण घातलेल्या मैदानात करा. तासाच्या भाड्याने मिळणारी कुत्र्यांसाठीची बंदिस्त मैदानं तुमच्याकडे नक्की असतील, बंडूची मोकळी धावपळ तिथेच. पण एवढं करूनही तो ताज्या मागावरून शिट्टीला परतेल असं मी सांगणार नाही. कधी परतेल, कधी नाही. घराच्या बागेला सहा फुटी कुंपण लागेल, आणि खालून उकरता येणार नाही असं. परत पळालाच तर सगळ्यांनी मिळून हाका मारत चौफेर धावू नका. एकाने तो जिथून सुटला तिथे थांबावं. थांबता येत नसेल तर स्वतःचं अंगावरचं जाकीट तिथे ठेवावं. हाउंड बहुतेकदा आपल्याच मागावरून उलटा येतो. माझी एकदा रात्रभर गायब होती आणि पहाटे माझ्या कोटावर घोरत सापडली.

शेजारीणबाईंचा प्रश्न नाजूक आहे. हा आवाज म्हणजे साधं भुंकणं नव्हे. नदीच्या एका काठावरून दुसऱ्या काठावरच्या शिकाऱ्याला कळावं म्हणून तो छातीतून येणारा, लांब, घुमणारा सूर आहे, आणि तो घालवता येत नाही. कमी करता येतो. एकटं राहिलेलं ओटरहाउंड जास्त गातं. टोळीत वाढलेल्या जातीला एकटेपण सोसत नाही. सासूबाई घरी असतात ही तुमची जमेची बाजू. तो कधी गातो याची आठवडाभर नोंद ठेवा. पोस्टमन, शाळा सुटायची वेळ, असं काहीतरी ठरलेलं निघेल. त्या वेळी त्याला मागच्या खोलीत, चघळायला काहीतरी देऊन. तो गायला लागला की घरातून कोणी ओरडू नये, त्याला वाटतं साथ मिळाली. आणि शेजारणीकडे तिने तिसऱ्यांदा यायच्या आत तुम्ही जा. गोष्ट कौन्सिलपर्यंत गेली तर 1990 च्या पर्यावरण कायद्याखाली उपद्रव म्हणून नोटीस येऊ शकते.

चिखलावर माझ्याकडे उपाय नाही. खरंच नाही. बाहेरचा केस खरखरीत, आतला लोकरीसारखा आणि तेलकट, म्हणून थंड पाणी त्याच्या कातडीपर्यंत जात नाही. पण तोच केस अर्धी नदी घरात आणतो. बोटांमध्ये पडदे आहेत, ते पंजेही वल्ह्यासारखे पसरट, तेव्हा चिखलही तेवढाच येणार. चिखल वाळू द्या, मग झाडा आणि ब्रश करा. आठवड्यातून एकदा मुळापर्यंत विंचरलं, दाढीतल्या आणि कानांमागच्या गाठी सोडवल्या की पुरे. सारखं साबणाने धुऊ नका, ते तेलच त्याचा रेनकोट आहे. केस भादरूनही घेऊ नका.

कान मात्र रोज बघा. ओटरहाउंडचा कान लांब, केसाळ आणि पुढची कड आत दुमडलेली, ही या जातीची खूण. दिसायला फार देखणा, पण आत हवा जात नाही. पोहून आला की कान उलटे करून आतून कोरडे करा. आंबूस वास, तपकिरी मळ किंवा डोकं झटकणं दिसलं की व्हेट. उन्हाळ्यात गवताची कुसळं कानात आणि बोटांच्या बेचक्यात घुसतात, फिरून आल्यावर चाचपून बघा. उभ्या पाण्यावर हिरवट-निळसर तवंग असेल तर पाण्यात उतरू देऊ नका. त्या शेवाळाचं विष काही तासांत जीव घेतं. लेप्टोस्पायरोसिसची लस दरवर्षी, नदीत जाणाऱ्या कुत्र्याला ती टाळू नये.

खाण्याबद्दल सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि एवढंच सांगा की शिऱ्यातला बेदाणा, द्राक्ष, कांदा-लसणाची फोडणी आणि चॉकलेट हे चार पदार्थ त्याला विष आहेत. बेदाण्याने मूत्रपिंडं बंद पडतात, कांद्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. त्यांना माया दाखवायची असेल तर कच्चं गाजर उत्तम.

दिवसाचं जेवण दोन-तीन वेळा विभागून, आणि जेवणाच्या आगेमागे तासभर धावपळ नाही. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांमध्ये पोट फुगून पिळा पडतो आणि ते मिनिटांचं काम असतं. पोट नगाऱ्यासारखं, उलटीचे उमाळे पण बाहेर काही नाही, बसवत नाही, लाळ गळतेय: असं दिसलं तर मला पत्र लिहू नका, गाडी काढा. वजनावर लक्ष ठेवा. पूर्ण वाढलेला नर खांद्याजवळ 69 सेंटिमीटर आणि वजनाला पन्नास किलोच्या आसपास जातो, म्हणजे बंडू अजून वाढेल. पण त्याच्या बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत. कारण या जातीचे खुबे. सांध्याची खोबण उथळ असण्याचा दोष ओटरहाउंडमध्ये फार आढळतो. हाडं पक्की होईपर्यंत, म्हणजे दीड वर्षाचा होईपर्यंत, गाडीतून उडी मारू देऊ नका. चेंडू फेकत बसणंही नको.

आणि आता त्या मित्राचा सल्ला.

तुमच्या गावाजवळून एअर नदी वाहते. एकोणिसाव्या शतकात याच खोऱ्यात ओटरहाउंडचा टेरियरशी संकर करून एअरडेल ही कुत्र्याची नवी जात तयार झाली. ती जगभर गेली. बंडूची मूळ जात मागे राहिली. 1950 च्या दशकाच्या अखेरीस डिल्ड्रिनसारखी कीटकनाशकं बियाण्यांतून आणि मेंढ्यांना बुचकळायच्या औषधी पाण्यातून नद्यांत उतरली आणि पाणमांजरं झपाट्याने कमी झाली. 1978 मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये पाणमांजराला संरक्षण मिळालं. ते योग्यच झालं. शिकारीचे गोडवे मी गाणार नाही. पण त्या दिवशी ओटरहाउंडचं काम संपलं. मोजक्या टोळ्यांतली कुत्री घरगुती पाळणाऱ्यांकडे आली आणि आजची जवळजवळ सगळी वंशावळ तिथपर्यंत जाते. आता पाणमांजरं इंग्लंडच्या प्रत्येक परगण्यात परतली आहेत, आणि त्यांच्या मागावर धावणारा कुत्रा जगात हजाराच्या आत उरलाय. ब्रिटनमध्ये वर्षाला जन्मणारी पिल्लं बहुतेक वर्षी पन्नाससुद्धा भरत नाहीत, म्हणून केनेल क्लबच्या (कुत्र्यांच्या जातींची नोंदणी करणारी तिथली संस्था) धोक्यातल्या देशी जातींच्या यादीत तिचं नाव आहे. (नदीकाठी बंडूला आवरायचं हेही एक कारण: पाणमांजराला त्याच्या बिळात त्रास देणं गुन्हा आहे. बंडूला हे कोण सांगणार!)

इतक्या थोड्यांत एकेका नराचं वजन फार असतं, पण ते मित्र म्हणतात त्या अर्थाने नव्हे. या जातीत ग्लान्झमन थ्रॉम्बॅस्थेनिया नावाचा रक्तस्रावाचा आनुवंशिक विकार आहे. रक्तातल्या बिंबिका (प्लेटलेट) एकमेकींना चिकटत नाहीत, त्यामुळे साधी जखमही थांबत नाही. बंडूचे दुधाचे दात पडताना फार रक्त गेलं नसेल, तर त्याला विकार असण्याची शक्यता कमी. पण तो वाहक असू शकतो. दिसायला ठणठणीत आणि अर्धा दोष पोटात. दोन वाहकांची जोड लावली तर प्रत्येक पिल्लाला चारात एक धोका. डीएनए चाचणीने हे आधी कळतं. आणि वाहक निघाला म्हणून त्याला बाद करायचं नसतं. एवढ्या छोट्या जातीत तसं केलं तर उरलेलं रक्त आणखी आकुंचन पावेल. त्याची जोड निर्दोष मादीशी लावायची. मग खुब्यांचे एक्स-रे, ब्रिटिश योजनेत दोन्ही मिळून 0 ते 106 गुण, जितके कमी तितके बरे; अपस्माराचा घराण्यात इतिहास आहे का; त्याच्या बापाची किती पिल्लं आधीच झाली आहेत. हा हिशेब पैशांचा नव्हे, आणि तो तुम्ही एकट्याने करायचाही नव्हे. ज्यांनी तुम्हाला पिल्लू दिलं त्यांना आत्ताच फोन करा. त्यांनी नोंदणीवर त्याच्या संततीबद्दल अट घातली असण्याचीही शक्यता आहे, कागद काढून वाचा. आणि त्यांच्याशी बोलल्याशिवाय नसबंदी करू नका.

तोच फोन तुमच्या शेवटच्या प्रश्नासाठीही आहे. परत देण्याचा विचार मनात आला म्हणून स्वतःला दोष देऊ नका. 15 महिन्यांचा ओटरहाउंड घरात असलेल्या प्रत्येकाच्या मनात तो येतो, माझ्याही आला होता. ही जात वयात यायला वेळ घेते, दोन-अडीच वर्षांपर्यंत देह बापाचा आणि अक्कल पोराची. माझा कौल: ठेवा. पण पुढच्या तीन महिन्यांत कुंपण होत नसेल, आणि रोज त्याच्या नाकासाठी अर्धा तास काढायला घरातलं एकही माणूस तयार नसेल, तर मात्र परत द्या, रडत का होईना. चांगले ब्रीडर अशी पिल्लं आनंदाने परत घेतात. ऑनलाइन जाहिरात देऊन कोणाला देऊ नका, एवढं माझं ऐका.

राहिला सासूबाईंचा प्रश्न. अख्खं तोंड भांड्यात बुडवणं ही ओटरहाउंडची जुनी खोड आहे. भांड्याच्या तळाशी काय सापडतं ते त्यालाच ठाऊक. उथळ भांडं दिलंत तर पाय घालून उलटं करेल. जड, खोल बादली द्या आणि ती दाराबाहेर ठेवा. पाणी पिऊन झाल्यावर तो सरळ त्यांच्याकडे जाणार आणि ओली दाढी मांडीवर ठेवणार, कारण घरात दिवसभर असणारं माणूस त्याला नेमकं कळतं. त्यांना एक जाड टॉवेल देऊन ठेवा, खुर्चीच्या पाठीवर.